ऑफ तास

पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाट चढायला लागण्याच्या अलीकडे, एक माध्यमिक शाळा होती. पाचवी ते दहावी असे सहा वर्ग, सात शिक्षक, एक शिपाई. इंग्रजीच्या बाई महाडला राहायच्या आणि रोज एसटीने यायच्या. पावसाळ्यात महाडकरांचा दिनक्रम सावित्री आणि गांधारी ठरवतात. नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं की बाईंचा शाळेत फोन यायचा, "सर, आज जमत नाही." त्या वर्षी जुलैमध्ये असा फोन लागोपाठ तीन दिवस आला. ही गोष्ट त्या तीन दिवसांची आणि चौथ्याची.

फोन आला की हेडसर बदली तासांची वही काढत. कोणाचा तास मोकळा आहे ते पाहायचं, त्याचं नाव घालायचं, वही शिपाईमामांच्या हाती द्यायची, मामांनी सही घेऊन यायचं. वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो हेडसर स्वतः भरत. व्हरांड्यातून एक फेरी मारायची. वर्गातून आवाज आला नाही तर ‘वर्ग शांत’ लिहायचं, आला तर ‘गोंगाट’. याबद्दल हेडसरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दोन वर्गांमधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती आणि सातवीला खेटून दहावी बसायची. दहावीचा निकाल म्हणजे शाळेचा निकाल. शांततेची किंमत हेडसरांना चांगली ठाऊक होती. ती शांतता कशाच्या बदल्यात मिळते, हे कळायला मात्र त्यांना एक बकरी लागली.

सातवीच्या पटावर बेचाळीस मुलं होती. आवणीचे दिवस असल्यामुळे तिशीच्या आसपास हजर असत. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे सातवीत आलेल्या प्रत्येक मुलाच्या गाठीला सहा वर्षांचं इंग्रजी होतं. फळांची नावं, रंग, आठवड्याचे वार, ‘माय स्कूल’वर दहा ओळी, सगळं तोंडपाठ. फक्त एक गोष्ट या सहा वर्षांत झाली नव्हती. त्या भाषेत कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी वहीत गणिताच्या सरांचं नाव आलं. सर सरळ माणूस. दारातच म्हणाले, "इंग्रजी माझा विषय नाही. चौथा धडा सुवाच्य अक्षरात उतरवून काढा." आणि दहावीचे चाचणीचे पेपर तपासायला बसले. मुलांनी धडा उतरवला. एका मुलाची मधली एक ओळ गळाली, वरच्या ओळीचं शेपूट खालच्या ओळीच्या तोंडाला जाऊन चिकटलं, वाक्याचा अर्थ पार गेला. ते सरांच्या लक्षात आलं नाही. त्या मुलाच्याही नाही. न कळणारी भाषा उतरवताना ओळ गळणं आणि न गळणं सारखंच असतं. शेरा पडला, ‘वर्ग शांत’.

दुसऱ्या दिवशी पीटीचे सर. यांच्यावर मुलं जीव टाकायची. पावसामुळे मैदानावर जाता येत नव्हतं, तेव्हा सर म्हणाले, "चला, इंग्रजी भेंड्या! मुलं विरुद्ध मुली. शेवटचं अक्षर धरून पुढचा शब्द." ऐनवेळी अंगावर पडलेल्या इंग्रजीच्या तासाला महाराष्ट्रात सगळ्यात जास्त खेळला जाणारा खेळ कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी याच खेळाचं नाव घेईन. ‘अॅपल’, म्हणून ईवरून ‘एलिफंट’, म्हणून टीवरून ‘टेबल’, पुन्हा ई, ‘एग’, जीवरून ‘गेम’, पुन्हा ई. इंग्रजीत ईवर संपणारे शब्द पोत्याने आहेत आणि सातवीच्या पोराला ईवरून सुरू होणारे येतात चार. पाचव्या मिनिटाला दोन्ही बाजू ईपाशी अडकल्या. ‘इअर’ झालं, ‘आय’ झालं, मग ‘आय’चं स्पेलिंग ईने संपतं की वायने यावरून भांडण झालं, आणि ते भांडण अर्थातच मराठीत झालं. मजा खूप आली. ओरडत होती ती मुलंही खूप वाटत होती, पण कान देऊन ऐकलं असतं तर कळलं असतं की शब्द पुरवणारी पाचच आहेत, बाकीची नुसती टाळ्या देतायत. शेरा, ‘गोंगाट’.

इथे थोडं थांबतो. पीटीच्या सरांनी ज्या वस्तूसाठी गाव धुंडाळलं ती त्यांच्या काखेतच होती. हा माणूस रोज सकाळी अडीचशे मुलांना तोंडी आज्ञा देऊन हलवतो. जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात भाषा शिकवण्याची जी रीत मांडली, ती बरीचशी हीच आहे. शिक्षकाने आज्ञा द्यायची, मुलांनी अंगाने उत्तर द्यायचं, बोलायची घाई करायची नाही. दाराला हात लाव. उजवा पाय उचल. शेजाऱ्याची वही डोक्यावर ठेव. कळलं की नाही हे विचारावं लागत नाही, दिसतंच. सर हे झोपेतसुद्धा करू शकले असते. पण इंग्रजीचा तास म्हटल्यावर त्यांना वाटलं, काहीतरी इंग्रजीचं करायला हवं. आपल्या हातातलं सोडून दुसऱ्याचं धरण्याची ही खोड फक्त त्यांना नाही.

तिसऱ्या दिवशी वही चित्रकलेच्या सरांकडे आली, तास सुरू व्हायला पाच मिनिटं असताना. सर निवृत्तीला टेकलेले. दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवायची, शाळेचे फलक रंगवायचे, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा, हे त्यांचं जग. इंग्रजीशी त्यांचं कधीच जमलं नाही. लहानपणी वडिलांनी हातात दिलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी निम्म्यावर सोडली होती आणि त्याची लाज अजून बाळगून होते. त्यांनी सही केली, रंगीत खडूंची पेटी उचलली आणि वर्गावर गेले.

"हा तास इंग्रजीचा आहे," ते म्हणाले. "मला इंग्रजी शिकवता येत नाही. मला चित्र काढता येतं. तेव्हा तुम्ही इंग्रजी बोला, मी चित्र काढतो."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"खिडकीतून पटांगण कोणाकोणाला दिसतं?"

खिडकीकडच्या रांगेने हात वर केले.

"मला इथून दिसत नाही. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहणार, मागे बघणार नाही. बाहेर काय आहे ते तुम्ही सांगा. सांगाल तेच काढीन, न सांगितलेलं काढणार नाही. आणि एक. या तासाला मला मराठी ऐकू येत नाही."

सर वळले आणि खडू फळ्याला टेकवून उभे राहिले. बराच वेळ नुसता पाऊस वाजत होता. शेवटी मॉनिटर म्हणाला, "गोट."

सरांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बकरी काढली. शिंगं, दाढी, गळ्यातल्या लोंब्या, सगळं.

वर्ग हसला. "नो सर! स्मॉल! स्मॉल गोट!"

सरांनी डस्टर फिरवलं आणि वरच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी बकरी काढली.

"सर, डाउन! डाउन!"

सरांनी तीच बकरी खाली डोकं वर पाय अशी काढली.

आता मागच्या बाकांवरची मुलं उभी राहिली. "नो सर, गोट ओके! प्लेस डाउन!" हे इंग्रजी कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण सरांना कळलं. बकरी खाली आली. मग झाड सांगायची पाळी आली आणि एक मुलगा घाईत म्हणाला, "गोट ऑन ट्री." सरांनी फणसाच्या फांदीवर बकरी बसवली, शांतपणे, पाय दुमडून. तो मुलगा ‘गाळलेल्या जागा भरा’मध्ये ऑन, इन आणि अंडर यांपैकी एक डोळे मिटून लिहीत आला होता. त्यात कधी मार्क मिळायचे, कधी नाही. त्या पलीकडे काही व्हायचं नाही. आज त्याच्या एका शब्दाने बकरी झाडावर चढली. "नो ऑन!" तो बाकावर हात आपटत ओरडला. "अंडर! अंडर ट्री!" हा शब्द तो आता जन्मात चुकणार नाही.

खिडकीपाशी गर्दी व्हायला लागली तेव्हा सरांनी पाठ न वळवताच नियम घातला. चौघांनी खिडकीशी जायचं, चार-चार गोष्टी सांगायच्या, मग पुढचे चौघे. म्हणजे बाकीच्यांनाही बाहेरचं दिसेना आणि खिडकीतले काय सांगतात इकडे त्यांचेही कान लागले. कोणी म्हणालं, "रोप. लाँग रोप." सरांनी आपल्याजवळचं होतं तेवढं इंग्रजी बाहेर काढलं, "हाउ लाँग?" पोरगं अडलं. बाकांकडे बघून म्हणालं, "फाइव्ह बेंच लाँग." दोरी दुसऱ्या टोकाला खुंटीला बांधली होती. खुंटीला इंग्रजीत काय म्हणतात ते मुलांना येत नव्हतं, सरांनाही येत नव्हतं. चौघांनी मिळून वाक्य जुळवलं, "स्मॉल स्टिक. स्टिक इनसाइड ग्राउंड. रोप ऑन स्टिक." फळ्यावर खुंटी उमटली. येत नसलेल्या शब्दाला वळसा घालून पलीकडे जाणं हा परक्या भाषेत जगण्याचा निम्मा धंदा आहे, आणि तो कुठल्याच पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात नाही.

मग स्कूटर आली. "हेडसर स्कूटर," असं एक जण म्हणाला आणि सरांनी स्कूटरवर बसलेले हेडसर काढले. चष्मा, पोट, शबनम. वर्गाला हसू आवरेना. "नो हेडसर! ओन्ली स्कूटर!" हेडसर पुसले गेले, पण घाईत अर्धेच. "प्लास्टिक ऑन स्कूटर. ब्लू." सरांनी निळा खडू घेतला आणि स्कूटरवर पावसाळी कागद पांघरला.

एवढा आवाज भिंतीवरून पलीकडे गेला नसता तरच नवल. दहावीत भूमिती चालली होती. हेडसर वही घेऊन निघाले.

खिडकीशी त्या वेळी शेवटचे चौघे होते. त्यात कातकरीवाडीतली एक मुलगी होती. हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायची, वर्षभरात तेवढंच तिचं इंग्रजी. पण बकऱ्यांविषयी तिला वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. बाकीचे तिघे काय सांगावं म्हणून शब्द हुडकत होते आणि ती खुंटीकडे बघत होती. पावसाने जमीन लोण्यासारखी झाली होती.

"सर," ती म्हणाली, "स्टिक कमिंग."

"कमिंग व्हेअर?"

"कमिंग आउट." थोडं थांबून, "गोट गोइंग."

सरांनी खुंटी पुसली, बकरीला एक पाऊल पुढे केलं. "गोइंग व्हेअर?"

"स्कूटर." आणि मग जरा मोठ्याने, "गोट ईटिंग स्कूटर!"

सरांनी बकरीच्या तोंडात स्कूटरचं हँडल दिलं. वर्ग खिदळला, पण ती हसली नाही. तिला हे चित्र नको होतं. तिला बाहेर जे चाललं होतं ते सांगायचं होतं. "नो स्कूटर! प्लास्टिक! गोट ईटिंग प्लास्टिक! फास्ट ईटिंग!"

आणि दारात हेडसर उभे राहिले.

वर्ग चिडीचूप झाला. सर अजून फळ्याकडेच तोंड करून होते. त्यांना वाटलं, मुलांचं सांगून संपलं. त्या मुलीने मागे वळून पाहिलं. ज्यांना सांगायला हवं ते समोरच होते, आणि मराठी चालत नाही हा नियम कोणी उठवलेला नव्हता. ती म्हणाली, "सर, युवर स्कूटर. गोट ईटिंग प्लास्टिक."

हेडसरांनी आधी फळा पाहिला. तिथे ते स्वतः अर्धे होते. मग त्यांनी खिडकीतून पाहिलं. मग ते धावले. छत्री दारातच राहिली.

निळ्या कागदाचा हातभर तुकडा गेला, सीट वाचलं. बकरी शिपाईमामांची होती, त्यामुळे या प्रकरणाची पुढे चौकशी झाली नाही. संध्याकाळी हेडसरांनी वही उघडली. ‘गोंगाट’ लिहायला पेन टेकवलं आणि तसंच थांबवलं. शाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिथे इंग्रजीत बोललेल्या एका वाक्याने कोणाचा तरी फायदा झाला होता, आणि तो फायदा त्यांचा स्वतःचा होता. त्या दिवशीचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

चौथ्या दिवशी बाई आल्या. दोन दिवस घरातला गाळ उपसून हात भरून आले होते, पण शिक्षकखोलीत पाय ठेवल्याबरोबर त्यांना बकरीची गोष्ट तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितली. बाई हसल्या. थोडं लागलंही त्यांना, हे लपवण्यात अर्थ नाही. बी.एड.ला इंग्रजी अध्यापन पद्धती हा त्यांचा विषय. घरी फ्लॅशकार्डांचे गठ्ठे. तक्ते, शब्दपट्ट्या, सगळं स्वतःच्या हाताने केलेलं. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी चित्रकलेच्या सरांच्या तासाला वाक्यावर वाक्य बोलते म्हणजे काय?

त्यांनी सरांना विचारलं, "सर, ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात?"

"पद्धत कसली बाई? मला दिसत नव्हतं."

बाईंना वाटलं, सर विनयाने बोलतायत. त्या आपला एक छापील रंगीत तक्ता घेऊन वर्गावर गेल्या. शेत, विहीर, झाड, झाडाखाली बकरी. सरांच्या खडूच्या चित्रापेक्षा शंभर पटीने देखणा. फळ्यावर टांगला, पट्टी बकरीवर टेकवली.

"व्हॉट इज धिस?"

"गोऽऽट," सगळा वर्ग एका सुरात.

"फुल सेंटेन्स."

"धिस इज अ गोऽऽट."

"व्हेअर इज द गोट?"

"अंडर द ट्रीऽऽ."

सगळी उत्तरं बरोबर होती. कालच्यापेक्षा कितीतरी शुद्ध होती. आणि वर्ग मेलेला होता. कातकरीवाडीतली मुलगी खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी तिला उभं केलं, पट्टी पुन्हा बकरीवर ठेवली, मायेने विचारलं, "टेल मी, व्हेअर इज द गोट?"

ती गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलाला राहवलं नाही. उद्धटपणा नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. तो म्हणाला, "बाई, पण तुम्हाला दिसतंय की!"

बाई ‘इंग्रजीत बोल’ म्हणणार होत्या. ते त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. त्या खुर्चीत बसल्या. जूनपासून या वर्गाला आपण किती प्रश्न विचारले असतील, आणि त्यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत नव्हतं? आठवून आठवून त्यांना एकच सापडला. ‘हू इज अॅब्सेंट टुडे?’ आणि खरंच, त्या एका प्रश्नाला वर्ग रोज हिरिरीने उत्तर द्यायचा. बाकी सगळे प्रश्न नव्हतेच, परीक्षा होती. सरांना दिसत नव्हतं म्हणून मुलांनी सांगितलं. बाईंना दिसत होतं म्हणून मुलांनी फक्त उत्तरं दिली. चित्रकलेच्या सरांनी विनय केला नव्हता, कारण सांगितलं होतं.

बी.एड.च्या नोट्समधलं एक नाव त्यांना आठवलं. एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांमधून त्यांनी एक प्रयोग चालवला. व्याकरणाचा आणि शब्दांचा अभ्यासक्रम बाजूला ठेवायचा आणि मुलांना सोडवायला कामं द्यायची. रेल्वेचं वेळापत्रक वाचून कोणती गाडी धरावी ते ठरवायचं, नकाशावरून वाट काढायची. डोकं कामात गुंतलं की भाषा मागून येते, असं त्यांचं म्हणणं. एकाकडे माहिती आहे आणि दुसऱ्याकडे नाही, ही दरी म्हणजे अशा कामाचा एक प्रकार. तर्काने भरायची दरी दुसरा, मतांची तिसरा. बाईंनी हे परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं. दरी वर्गात कुठे असते ते मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण ती बुजवण्याचं काम त्या स्वतःच रोज तक्ते लावून करत होत्या.

त्यांनी तक्ता उतरवला. तासाची वीस मिनिटं उरली होती. तयारी काही नव्हती, आणि आज पहिल्यांदा त्यांना ते बरं वाटलं. "वहीच्या शेवटच्या पानावर आपापल्या घराचं अंगण काढा. पाच वस्तू. शेजाऱ्याला दाखवायचं नाही." मग मुलांना जोडीने पाठीला पाठ लावून बसवलं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. पण पहिल्याच जोडीत घोटाळा निघाला. दोघं चुलतभाऊ, एकाच अंगणातले. त्यांना एकमेकांना सांगण्यासारखं काही नव्हतं, ते आपले क्रिकेटविषयी बोलायला लागले. बाईंनी जोड्या मोडल्या आणि वाडी बघून नव्या लावल्या. घाटाकडच्या वाडीतला नदीकडच्या वाडीतल्यापाशी, कातकरीवाडीतली गावठाणातल्या मॉनिटरपाशी. मॉनिटरने तिचं अंगण काढलं ते असं की चूल झोपडीच्या छपरावर आली. ती खवळली. "नो टॉप! साइड! हाउसच्या साइड!" बाईंनी ‘हाउसच्या’कडे कानाडोळा केला.

शेवटची दहा मिनिटं त्यांनी जे केलं ते चित्रकलेच्या सरांना जमलं नसतं, आणि हे सांगितलं नाही तर गोष्ट अर्धवट राहील. बाईंनी फळ्यावर कालचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, ‘गोट ईटिंग प्लास्टिक’. म्हणाल्या, "हे हेडसरांना कळलं. धावले की नाही? मग यात चूक काही नाही. फक्त दोन छोटे शब्द घातले की ते पुस्तकासारखं होईल." आणि ‘द’ आणि ‘इज’ त्यांच्या जागी बसवले. मुलांनी आपापल्या अंगणाच्या तीन-तीन वाक्यांत तेच शब्द बसवून पाहिले. व्याकरण हे असं, बोलून झाल्यावर आलं तर मुलं ते हातात घेतात, कारण दुरुस्त करायला त्यांच्याजवळ स्वतःचं काहीतरी असतं. आधीच आलं तर वहीत जातं. खुंटीचा शब्दही बाईंनी सांगितला. न विचारता दोघांनी तो लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात बाई आणि चित्रकलेचे सर यांनी मिळून एक यादी केली आणि शिक्षकखोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. ऐनवेळी इंग्रजीचा तास आला तर ज्याने त्याने आपल्याजवळचं न्यावं. पीटीच्या सरांनी आज्ञा द्याव्या, आणि मग एकेका मुलाला पुढे बोलावून सरांना आज्ञा द्यायला लावाव्या. गणिताच्या सरांनी मनात एक आकडा धरावा, मुलांनी इंग्रजीत वीस प्रश्न विचारून तो काढावा; सरांनी फक्त येस किंवा नो म्हणायचं, तेवढ्यासाठी इंग्रजी त्यांचा विषय असायची गरज नाही. इतिहासाच्या बाईंनी आपल्याविषयी तीन वाक्यं सांगावी, दोन खरी, एक खोटं. मुलांनी खोटं शोधावं. तो तास झाला तेव्हा मुलांनी बाईंना इतके प्रश्न विचारले की घंटा झालेली कोणाला कळली नाही, आणि बाई लहानपणी मुंबईच्या गिरणगावात राहायच्या हे सगळ्या शाळेला समजलं. यादीत खर्चाचं असं काही नव्हतं, खडूच तेवढा. यादीच्या खाली चित्रकलेच्या सरांनी मोठ्या अक्षरात रंगवलं होतं, ‘ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते विचारू नये.’

गणिताच्या सरांनी पहिला आकडा धरला तो सतराशे एकोणतीस. वीस प्रश्नांत निघाला नाही. मुलांनी आणखी वीस मागून घेतले.

हेडसरांनी शेऱ्याच्या रकान्यावरचं ‘शेरा’ खोडून ‘किती मुलं बोलली?’ असं लिहिलं. दहावीचा वर्ग त्यांनी पलीकडच्या टोकाला हलवला. या दोन गोष्टींना मिळून एक दुपार लागली. स्कूटरवर नवा कागद आला, पुन्हा निळाच.

मुख्याध्यापक असाल तर तुमच्या शाळेची बदली तासांची वही एकदा चाळा. इंग्रजीच्या तासापुढे ‘वर्ग शांत’ जिथे जिथे लिहिलंय ते मोजा, आणि तेवढे तास यंदा मुलांना परत द्या.